क्लीटवरचा दोर धरलाही पाहिजे आणि ताणाखाली सुटलाही पाहिजे, आणि पावसाळ्याआधी सामानाचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सेकंडहँड २४ फुटी शिडाची बोट घेतली, मांडव्याच्या बाजूला मच्छीमारांच्या धक्क्याला भरतीच्या वेळी बांधून जेवायला गेलात, परत आलात तर ओहोटीत बोट पुढच्या दोरावर लटकलेली, क्लीटवरची, म्हणजे दोर अडकवायच्या दोन शिंगांच्या खुंटीवरची, गाठ काही केल्या सुटेना आणि शेवटी सुरीने दोर कापावा लागला. त्याच्या आधीच्या आठवड्यात मात्र मागच्या क्लीटवरून दोर आपोआप सरकून सुटला होता, म्हणून मित्राने सांगितलं की वेढे वाढव. आणि दुसरा प्रश्न, आता पावसाळा येतोय तर दोर, शिडं, विंच (दोर ताणायचं हँडलवालं चाक) यांचं काय करायचं.

मी मुंबई बंदरात २० वर्षांहून जास्त काळ छोट्या शिडाच्या बोटी चालवतो आणि शिकवतो, त्यामुळे हे दोन्ही प्रकार खूप वेळा बघितलेत, आणि एक सांगतो, दोर सरकणं आणि गाठ अडकणं हे तुम्हाला दोन उलटे प्रॉब्लेम वाटतायत पण मूळ चूक बहुतेक एकच आहे. क्लीटच्या बुडाशी पहिला पूर्ण वेढा पडलेला नसतो. मग लोड थेट वरच्या आठाच्या आकारांवर आणि लॉकवर, म्हणजे शेवटच्या उलट्या फासावर, जातो, दोर गुळगुळीत असला तर सरकत सरकत सुटतो आणि मऊ असला तर आवळून बसतो. मित्राचा सल्ला मनापासून असेल पण वरती वेढे वाढवून यातलं काहीच सुधारत नाही.

आधी वेढ्याचं गणित सांगतो कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं पाठ करायची गरज राहत नाही. दोर एखाद्या गोल वस्तूभोवती फिरला की प्रत्येक वेढ्यागणिक ताण ठराविक पटीने कमी होतो, बेरजेने नाही, गुणाकाराने. घर्षणांक ०.२५ धरला तर एका पूर्ण वेढ्यात ताण साधारण पाचपट कमी होतो आणि दोन वेढ्यांत २३ पट. म्हणजे बोट २०० किलोने ओढत असेल तर एका वेढ्यानंतर तुमच्या हातात ४० किलो आणि दोन वेढ्यांनंतर जेमतेम ९ किलो. म्हणूनच जुने तांडेल धक्क्यावरच्या खुंटाला दोन वेढे मारून अख्खं गलबत एका हाताने थांबवायचे, त्यात ताकद नव्हती, वेढा होता. आता हेच डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याच्या दोराला लावा, तो मेणासारखा गुळगुळीत, घर्षणांक ०.१ च्या आसपास, मग एका वेढ्यात ताण दुप्पटसुद्धा कमी होत नाही. मागच्या क्लीटवरून सुटलेला दोर पातळ, हलका, चकचकीत होता का ते बघा, जुन्या मालकाने उरलेला डायनीमाचा हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, बांधायला वापरला असेल तर उत्तर तिथेच मिळालं. बोट बांधायला तो दोर वापरूच नका, तो ताणला जात नाही त्यामुळे प्रत्येक लाटेचा झटका थेट क्लीटच्या बोल्टवर जातो.

आता बांधायची पद्धत. क्लीटला दोन शिंगं असतात. दोर ज्या बाजूने येतोय त्या बाजूचं जवळचं शिंग सोडून द्या, आधी लांबच्या शिंगाखालून न्या, तिथून बुडाभोवती फिरवून जवळच्या शिंगाखालून परत आणा, म्हणजे बुडाला एक पूर्ण चक्कर झाली. बोट जड असेल, वारा असेल, दोर गुळगुळीत असेल तर इथेच दुसरी चक्कर मारा, वेढे वाढवायचेच असतील तर वाढवायची जागा ही. मग दोर वरून तिरका टाकून समोरच्या शिंगाखाली, परत तिरका, असा एक आठ. शेवटी दोराला हातात पीळ देऊन उलटा फास करायचा आणि शिंगावर चढवायचा, ते लॉक. बरोबर झालं की नाही ते बघायची सोपी खूण अशी की शेवटी बाहेर पडणारं शेपूट आधीच्या तिरक्या दोराला समांतर दिसलं पाहिजे. शेपूट भलत्याच दिशेने आडवं येत असेल, आठाचा आकार मोडत असेल, तर फास उलट्या बाजूने घातलाय, काढा आणि परत घाला. एक आठ, एक लॉक, संपलं. मी काही बोटींवर क्लीटवर नारळाएवढा गोळा बघितलाय, त्यातले वरचे चार लॉक काहीच धरत नाहीत, फक्त घाईच्या वेळी बोटांना काम लावतात.

जवळच्या शिंगापासून सुरुवात केली तर काय होतं? लोडवाला दोर स्वतःच्याच पुढच्या वेढ्यावर चढतो आणि त्याला खाली दाबून धरतो, जेवढा ताण वाढेल तेवढा दाब वाढतो. तुमच्या पुढच्या क्लीटवर मला वाटतं हेच झालं, आणि त्यावर दोन-तीन लॉक असतील. ओहोटीत दीड-दोन टनाची बोट लटकली की मग ती गाठ माणसाच्या हाताने सुटत नाही. नीट बांधलेली असती तर लॉक काढता आलं असतं, आठ काढता आला असता आणि शेवटच्या बुडाच्या वेढ्यावर दोर थोडाथोडा सरकवत बोट हळूहळू पाण्यात सोडता आली असती. माझ्या दृष्टीने क्लीटची खरी परीक्षा हीच, पूर्ण ताण असताना एकट्या माणसाला दोर इंच इंच सोडता येतो का. आणि सुरीने कापलंत ते योग्यच केलंत, त्यात कमीपणा काही नाही, फक्त पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा की ताणलेला दोर, विशेषतः नायलॉन, कापल्यावर चाबकासारखा मागे येतो, त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही आणि इतर कोणाला राहू द्यायचं नाही.

हाताबद्दल पण इथेच सांगतो. धक्क्याला लागताना बोट अजून चालत असते तेव्हा लोक दोर हातात धरून तिला थांबवायला बघतात. दोन टनाची बोट सावकाश चालत असली तरी हाताने थांबत नाही, दोर तळहातातून जातो आणि कातडी घेऊन जातो. आधी क्लीटला किंवा खुंटाला अर्धा-एक वेढा मारा आणि मग ओढा, घर्षणाला काम करू द्या. बोटं कधीही दोर आणि क्लीटच्या मधे नाहीत, अंगठा वर ठेवायचा नाही, आणि दोर हाताला गुंडाळून घ्यायचा नाही. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलाची करंगळी अशीच शिंगाखाली सापडली होती, बोट मागून आलेल्या लाँचच्या लाटेने जराशी पुढे गेली तेवढंच निमित्त. तेव्हापासून मी नवीन माणसाला पहिला दिवस फक्त क्लीट शिकवतो, शिडाला हात लावू देत नाही.

आता ओहोटीचं. मुंबईच्या या पट्ट्यात मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पुष्कळ कमी. कोचीला ज्यांनी बोट चालवलीय त्यांना हे समजत नाही, तिथे फरक एक मीटरच्या आतबाहेर, घट्ट बांधून झोपलं तरी चालतं. इथे नाही. आणि पाणी एकसारखं उतरत नाही, सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन तीन, मग परत दोन, मग एक. म्हणजे साडेचार मीटरच्या ओहोटीत मधल्या दोन तासांत दर तासाला मीटरभराहून जास्त पाणी उतरतं. तुम्ही भरती पूर्ण झाल्यावर बांधलंत, पहिला तासभर काहीच हललेलं दिसलं नसेल, म्हणून निर्धास्तपणे जेवायला गेलात, आणि जेवण होईपर्यंत मधले तास सुरू झाले.

यावर उपाय दोर ढिला सोडणं हा नाही, ढिला सोडला तर बोट धक्क्यावर आपटते. उपाय म्हणजे दोर लांब आणि तिरका. समजा दोर पाच मीटरवरच्या खुंटाला आडवा बांधला आणि पाणी साडेचार मीटर उतरलं तर तोच दोर ६.७ मीटर लागतो, म्हणजे पावणेदोन मीटर कमी पडला. तोच खुंट १२ मीटर दूर असेल तर लागतात १२.८, कमी पडले फक्त ८० सेंटीमीटर, आणि तेवढं थोडी ढील आणि नायलॉनची लवचिकता मिळून सांभाळून घेतात. म्हणून पुढच्या टोकापासून मागे आणि मागच्या टोकापासून पुढे जाणारे जे लांब दोर असतात, स्प्रिंग म्हणतात त्यांना, ते आमच्याकडे खरं काम करतात. पुढचा आणि मागचा दोर पण जेवढा लांब नेता येईल तेवढा न्या, समोरच्याच खुंटाला नको. आणि उधाणाच्या दिवशी बोटीवर एक माणूस राहिलाच पाहिजे, याला माझ्याकडे दुसरा पर्याय नाही, जेवण डब्यात आणा.

दोराचं डोळा केलेलं टोक धक्क्यावर आणि सुटं टोक बोटीच्या क्लीटवर, असं ठेवा, म्हणजे कमीजास्त करायला धक्क्यावर चढावं लागत नाही. मच्छीमारांच्या धक्क्यावर एका खुंटाला पाच बोटी असतात, तिथे तुमचा डोळा त्यांच्या डोळ्यांवर सरळ टाकू नका, त्यांच्या डोळ्यातून खालून वर काढा आणि मग खुंटावर टाका. मग कोणीही आधी निघालं तरी दुसऱ्याचा दोर न काढता निघता येतं. पहाटे ते निघतात तेव्हा त्यांच्या वाटेत तुमचा दोर आला तर ते काढून फेकणार, त्यांचं पोट आहे त्यावर. हे एवढं केलंत तर तिथे तुम्हाला कोणी परकं समजणार नाही.

मापाबद्दल. २४ फुटी बोटीला १० मिलीमीटरचा नायलॉन ताकदीला पुरतो, पण मी १२ वापरतो, झिजायला मार्जिन मिळतं आणि हाताला धरायला बरा. क्लीटची लांबी दोराच्या जाडीच्या साधारण १६ पट हवी, म्हणजे १० च्या दोराला १६० मिलीमीटर, १२ च्या दोराला २०० च्या जवळ. जुन्या छोट्या बोटींवर बऱ्याचदा १२०-१३० चे क्लीट असतात, त्यावर १२ चा दोर एक वेढा आणि अर्धा आठ झाला की शिंगं संपतात, मग माणूस जे बसेल ते कोंबतो. तुमचे क्लीट मोजा, लहान असतील तर या पावसाळ्यात बदलून टाका.

आणि बदलताना खालून बघा. क्लीट नुसत्या स्क्रूने डेकला बसवलेले असतील तर त्यांचा काही उपयोग नाही, आरपार बोल्ट हवेत आणि डेकच्या खाली चांगली रुंद पट्टी, स्टेनलेसची किंवा जाड फायबरची, नुसते वॉशर नकोत. बोट लटकली होती म्हणता तर त्या पुढच्या क्लीटचे बोल्ट काढूनच बघा, वाकले असतील, डेकमध्ये बारीक केसासारख्या चिरा गेल्या असतील. डेकच्या आत बाल्साचं लाकूड असेल तर त्या चिरेतून पाणी आत शिरतं आणि आतल्या आत डेक कुजतो, वरून सगळं छान दिसतं. भोक थोडं मोठं करून आतलं लाकूड खरवडायचं, इपॉक्सीने भरायचं, वाळल्यावर त्यात परत बोल्टचं भोक पाडायचं, म्हणजे सील गेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. वेळखाऊ आहे, पण करा. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या. आणि रेलिंगच्या खांबांना दोर बांधू नका, कोणालाही बांधू देऊ नका, ते माणसाला आधार द्यायला आहेत, बोट धरायला नाहीत.

शिडाच्या दोरांचा हिशोब वेगळा. मेनशीट, म्हणजे मोठं शीड आवरायचा दोर, कधीही शिंगाच्या क्लीटवर लॉक करायची नाही, झोत आला की ती त्याच सेकंदाला सुटली पाहिजे, म्हणून हातात किंवा कॅम क्लीटमध्ये, म्हणजे दोन दातेरी जबड्यांच्या झटक्यात सुटणाऱ्या क्लीटमध्ये. हॅलयार्डला काही जण लॉक घालतात, मी घालत नाही, बुडाला एक वेढा जास्त आणि आठ एक जास्त घालतो. मे महिन्याच्या शेवटी दुपारनंतर जे अचानक काळं भरून येतं आणि दहा मिनिटांत वारा दुप्पट होतो त्यात शीड खाली घ्यायला किती वेळ लागतो यावर बरंच काही अवलंबून असतं. पूर्वी काथ्याचे, मनिलाचे, सुती दोर होते, ते भिजले की फुगायचे आणि लॉक काढायला जमायचंच नाही, म्हणून जुने लोक लॉकच्या विरोधात होते. आताचे दोर फुगत नाहीत, बोट बांधताना एक लॉक चालतं, पण हॅलयार्डच्या बाबतीत मी जुन्यांच्या बाजूने आहे.

आता घासण्याबद्दल, कारण माझ्या अनुभवात दोर ताणाने क्वचित तुटतात, घासून तुटतात. डेकच्या कडेला फेअरलीडमधून, म्हणजे दोर वळवायच्या कडीतून, दोर जिथे वळतो तिथे, धक्क्याच्या काँक्रीटच्या कडेवर, आणि मूरिंगच्या (तळाशी साखळीने पक्कं केलेल्या कायमच्या बांधायच्या जागेच्या) तरंगत्या बोयाजवळ. त्या जागी आवरण घाला. लोक प्लास्टिकची बागेची नळी घालतात, ती वादळात चांगली नाही, कारण दोर ताणला-सैल झाला की आत उष्णता तयार होते, नळीत ती कोंडते, पाणी आत जात नाही आणि नायलॉन आतून वितळून चिकटतो. जुन्या कापडी फायर होजचा तुकडा किंवा पॉलिस्टरची पोकळ पट्टी बरी, त्यातून पाणी जातं आणि दोर थंड राहतो. कापडी होज भंगारात मिळतो. आवरण दोराला शिवून टाका नाहीतर ते एका तासात सरकून भलतीकडे जातं. लांबच्या प्रवासात खलाशी हॅलयार्ड रोज थोडी थोडी पुढेमागे करतात, म्हणजे पुलीवर एकच जागा घासत राहत नाही. नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये म्हादेई ही शिडाची बोट घेऊन कुठल्याही बंदराला न लागता पाच महिन्यांत एकट्याने पृथ्वीभोवती फिरून आले, आणि त्याच्या कितीतरी आधी, १९६८-६९ मध्ये, ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या सुहेलीतून ३१२ दिवसांत एकट्याने न थांबता फिरले ती ३२ फुटी सागवानी बोट तर आपल्या मुंबईतच बांधलेली. इतके महिने ज्याला दुकान नाही, त्याला दोराची घासलेली जागा रोज बघावीच लागते. आपण शनिवार-रविवारवाले, आपल्याला सोमवारी दुकान उघडं असतं म्हणून आपण बघत नाही.

दोर कुठला कशाला हे पण लिहितो. बांधायला आणि नांगराला नायलॉन, तो ताणला जातो आणि झटका खातो, ओला झाला की ताकद दहा-पंधरा टक्के कमी होते हे धरून चाला. शीट (शीड आतबाहेर ओढायचे दोर) आणि हॅलयार्डला पॉलिस्टर, तो कमी ताणला जातो आणि उन्हाला सगळ्यात चांगला टिकतो. मच्छीमारांच्या दुकानातला हिरवा-निळा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) दोर स्वस्त, पाण्यावर तरंगतो, फेकायला आणि छोट्या होडीला ठीक, पण आपल्या उन्हात तो एक-दोन मोसमांत कडक होतो आणि हात फिरवला की चुरा निघतो. असा चुरा निघायला लागला की तो दोर कुठेही बांधू नका.

पावसाळ्याची तयारी मी मेच्या मधल्या आठवड्यापासून सुरू करतो, गेटवे-मांडवा लाँच बंद व्हायच्या आधी सामान किनाऱ्यावर आलेलं असतं. सगळ्यात आधी दोर. मीठ सुकलं की त्याचे बारीक खडे होतात, ते दोराच्या आतल्या तंतूंना कापतात, शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढतं त्यामुळे खारट दोर पावसाळ्यात कधीच सुकत नाही. गोड्या पाण्याच्या पिंपात रात्रभर भिजत घाला, पाणी दोनदा बदला, तिसऱ्या पाण्यात थोडा सौम्य साबण. मशीनमध्ये धुवायचे असतील तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, थंड पाणी, हळू सायकल, शेवटी थोडं कपड्याचं सॉफ्टनर, कडक झालेला दोर परत हाताला मऊ लागतो. ब्लीच नको. प्रेशरच्या पाण्याने तर अजिबात नको, त्याने वाळू बाहेर निघत नाही, आत ढकलली जाते. सावलीत वाळवा.

वाळत असताना पूर्ण लांबी बोटांतून काढा, डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. कुठे पातळ लागतंय, कुठे गुठळी, कुठे वितळून चकचकीत कडक झालंय. बाहेरचं कव्हर नुसतं केसाळ झालं असेल तर घाबरू नका, तो केसाळपणा आतल्याला थोडं वाचवतो, पण आतला गाभा दिसायला लागला तर तिथे दोर संपला. चांगला असेल तर पुढच्या मोसमात उलटा लावा, जे टोक क्लीटवर होतं ते आता पुलीकडे. टोकं नुसती लायटरने जाळून सोडू नका, ती फुटतात आणि हात कापतात, मेण लावलेल्या दोऱ्याने आवळून शिवा. तीन पेडांचा दोर गुंडाळताना घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, विणलेला दोर आठच्या आकारात, म्हणजे सोडताना पीळ पडत नाही.

शिडं. डेक्रॉनच्या (पॉलिस्टर कापडाच्या) शिडात कापडाच्या आधी शिवण जाते, ऊन दोऱ्याला खातं. मागच्या कडेची आणि बॅटनच्या (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) खिशांची शिवण नखाने हलकेच ओरबाडून बघा, दोरा तुटला तर पूर्ण शिवण परत मारून घ्या, मोसमात समुद्रावर ती कडेपासून कडेपर्यंत एका दमात उसवते. धुवायला साधं पाणी, मऊ ब्रश, सौम्य साबण, आणि मग पूर्ण कोरडं, खरोखर पूर्ण, कडेची जाड पट्टी आणि बोल्टरोप, म्हणजे कडेत शिवलेला दोर, हातात दाबून बघा, तिथे ओल राहते. ओलं शीड पिशवीत घालून जूनमध्ये ठेवलं तर सप्टेंबरला काळे ठिपके घेऊनच बाहेर येतं आणि ते पूर्ण जात नाहीत. दरवर्षी त्याच घडीवर घडी घालू नका, शक्य असेल तर गुंडाळा. आणि मुंबईच्या गोदामात शिडाचा सगळ्यात मोठा शत्रू उंदीर, माझं एक चांगलं मेन, म्हणजे मोठं शीड, असंच गेलं, घडी उघडली तर आठ थरांतून एकच भोक, म्हणजे आठ भोकं. आता मी छताला टांगतो, जमिनीवर किंवा फळीवर नाही. वाऱ्यात शीड फडफडत ठेवायची सवय असेल तर ती पण मोडा, इंजिन गरम होईपर्यंत पंधरा मिनिटं फडफडलेलं शीड आठवडाभराच्या सेलिंगएवढं थकतं असं मी मानतो.

विंच उघडायला लोक घाबरतात, घाबरू नका, पण खाली एक मोठा पुठ्ठ्याचा खोका मधोमध कापून विंचभोवती ठेवा, कारण आतल्या बारीक स्प्रिंगा उडतात आणि डेकवरून सरळ पाण्यात जातात. रॉकेलने किंवा डिझेलने सगळं धुवा, पुसून कोरडं करा. गियरला आणि बेअरिंगला पातळ थर ग्रीस, पण जे छोटे खटके असतात, पॉल, त्यांना ग्रीस लावायचं नाही, फक्त हलकं तेल. ग्रीसने खटका चिकटला की तो वेळेवर बाहेर येत नाही, लोड असताना हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडू शकतं. कॅम क्लीटला तर तेलही नको, ते वाळू धरून ठेवतं, गोडं पाणी भरपूर मारा, दात हाताने उघडझाप करा, स्प्रिंग ढिली झाली असेल किंवा दातांची धार गोल झाली असेल तर नवीन घ्या.

डोलकाठीच्या वायरी पुसायला जुनं सुती कापड घ्या, वरपासून खालपर्यंत फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे तार तुटलीय, हात कापण्यापेक्षा कापड बरं. एक तार तुटली असेल तर ती वायर बदलायची, चर्चा नाही. खालच्या दाबून बसवलेल्या टोकांवर पाणी साठतं, तिथे चहासारखे तपकिरी डाग असतील तर स्वच्छ करून भिंगाने चिरा बघा. सेकंडहँड बोट असल्याने वायरी किती जुन्या ते मालकाला विचारा, दहा-बारा वर्षांच्या वर असतील किंवा उत्तर नीट मिळत नसेल तर मी तरी त्या बदलेन, नवीन शिडांना पैसे नंतर. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचे स्क्रू असतील तिथे पांढरी भुकटी दिसते, दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, स्क्रू काढून मधे इन्सुलेट करणारी पेस्ट लावून परत बसवा. लाइफ जॅकेट फुगणारं असेल तर तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी ढिलं पडलं तर बाद, आणि सिलिंडर काढून वजन करा, त्यावर छापलेल्या वजनाशी जुळलं पाहिजे.

बोट पावसाळ्यात पाण्यातच ठेवायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ठेवू नका, बाहेर काढा. मच्छीमारांनासुद्धा १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि त्या काळात त्यांच्या बोटी काठावर ओढलेल्या दिसतात, नारळी पौर्णिमेच्या आधी ते निघायची घाई करत नाहीत. आणि मूरिंग परत वापरायच्या आधी डायव्हर घालून साखळी बघून घ्या, वरून शंख-शिंपल्यांनी जाड दिसते, खरवडली की आतली कडी अर्धी झालेली निघते, विशेषतः तळाशी जिथे ती चिखलात घासते तिथे आणि स्विव्हलमध्ये, म्हणजे साखळीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कडीत. शॅकलची (साखळी जोडायच्या U आकाराच्या कडीची) पिन तारेने बांधलेली आहे ना तेही त्याच वेळी.

कापलेला दोर फेकू नका. चांगल्या भागाचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा, फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून टांगायच्या उशा) बांधायला लागतात. एक तुकडा मात्र घरी ठेवा, २०० मिलीमीटरचा एक क्लीट लाकडी फळीवर बोल्टने बसवा, दोराला पाण्याने भरलेली बादली टांगा आणि लोड असताना बांधायचा, लॉक काढायचं, वेढ्यावरून बादली हळूहळू खाली सोडायची, असा सराव पावसाळाभर करा, आधी बघून, मग डोळे मिटून, मग डाव्या हाताने. सप्टेंबरात बोट पाण्यात गेली की पहिल्याच रात्री अंधारात ते लागेल.